ताईच्या खोलीची सावली

१२ जानेवारी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला तो आळसानं नाही, प्रगतीमुळे झाला. आपल्या गच्चीवर सोलर बसलं! बारा पॅनेल आहेत. निळी, गुळगुळीत, तुझ्या इस्पितळातल्या फरशीनं मान खाली घालावी अशी चकचकीत. फोनच करणार होतो, पण मागच्या खेपेला आपण दोघं फोनवर भांडलो, तेव्हापासून हिनं दंडकच घातलाय की भावंडांनी जे काय बोलायचं ते लिहून बोलावं. लिहिताना निदान एक जण तरी गप्प असतो.

आता त्यातली मेख सांगतो. दिवसा आपली वीज उरली की ती वीज कंपनी घेते, पण घाऊक भावात. आणि रात्री आपल्याला लागली की तीच कंपनी आपल्याला विकते किरकोळ भावात, जवळजवळ तिपटीनं! म्हणजे घेताना एक वजन आणि देताना दुसरं. वजनमापं खात्यात सबंध जन्म काढला मी. असा दुकानदार माझ्या हाती लागता तर तागडीसकट उचलून आणला असता. पण कंपनीला कोण धरणार? तेव्हा उपाय एकच. ऊन आहे तोवर आपली वीज आपणच वापरून टाकायची, त्यांच्या घशात एक युनिट घालायचं नाही. फायदा म्हणतात तो यातच आहे, हे लोकांना कळत नाही आणि मग सोलर परवडत नाही म्हणून रडत बसतात.

त्याप्रमाणे घराची घडी बसवली आहे. पाण्याचा पंप, आंघोळी, कपडे, इस्त्री, दळण, दोन्ही वेळचा स्वयंपाक, सगळं टळटळीत दुपारी. मी गच्चीवर बसतो. ऊन पुरतं तापलं की जुन्या सायकलची घंटा वाजवतो, की खाली ही गिझर लावते. ढग आला की दोनदा वाजवतो, की मिक्सर बंद. रात्री फक्त झोपायचं, त्याला वीज लागत नाही.

हिच्या वाळत घालायच्या दोऱ्या काढाव्या लागल्या, पॅनेलवर त्यांची सावली पडत होती. पण त्यावाचून अडलं नाही. कपडे वाळवायचं यंत्र आणलं. तेही सोलरवरच चालतं, म्हणजे कपडे फुकटात वाळतात.

आता एकच खडा दाताखाली येतो. दुपार कलली की तुझ्या गच्चीवरच्या खोलीची सावली शेवटच्या दोन पॅनेलवर पडते. आणि ही पॅनेलं एकमेकांना अशी जोडलेली असतात, की रांगेतल्या एकानं मान टाकली की सगळी रांग ढेपाळते. तक्रार नाही करत, नुसतं कळवलं.

एप्रिलअखेर तुझी निवृत्ती ना? पुढे काय ठरवलंस? सहज विचारतो.

लोभ आहे तो रात्रंदिवस एकाच भावानं मिळत राहावा, ही वि.

तुझा,
भाऊ

२१ जानेवारी

चि. भाऊस,

ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी राउंड संपल्यावर मेट्रनच्या खुर्चीत बसून वाचलं आणि इतकी हसले, इतकी हसले, की दोन सिस्टर धावत आल्या. मॅडम रडताहेत, घरी काही बरंवाईट झालं का, म्हणून विचारायला लागल्या. मी म्हटलं, बरंच झालंय, आमच्या भावानं ऊन विकत घेतलंय.

अरे तागडीसाहेबा, ज्या उन्हात कपडे फुकट वाळत होते तिथं तू पॅनेलं मांडलीस. मग त्या पॅनेलांची वीज वापरून कपडे वाळवायला पैसे मोजून यंत्र आणलंस. आणि वर लिहितोस, फुकटात वाळतात! याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. लहानपणीही तू असाच होतास. सगळी पोरं कुंपणाच्या फटीतून जायची आणि तू फाटकातून जायचास, ते लांब पडलं तरी. मालकाची परवानगी नाही, म्हणायचास. तेव्हा मला तुझं कौतुक वाटायचं. आता वहिनीची काळजी वाटते. बाईमाणसाला घर आवरल्यावर दुपारी जी काय पाठ टेकायला मिळते ती मिळते. तिची ती झोप तू कुठल्या भावात घेतलीस?

माझ्या खोलीचं म्हणशील तर ती बावीस वर्षं जिथं उभी आहे तिथंच आहे. उन्हात उभं राहिलं की सावली पडायचीच. इथून तिला काय सांगू, जरा बाजूला हो म्हणून? चांगले दोन फटके द्यायच्या लायकीची तक्रार आहे तुझी.

निवृत्तीनंतरचं अजून काही ठरवलं नाही. माझं काय, एकटा जीव सदाशिव. आमच्या ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज बाई मागे लागल्यात, की आपण दोघी मिळून इथंच एखादं छोटं घर घेऊ. बघू. एवढं मात्र खरं, की तुझ्या सायकलच्या घंटेवर आंघोळ करायला मी काही तिकडे येत नाही.

उन्हात बिनटोपीचा बसू नकोस. लोभाला मीटर लागत नाही, तेवढा सढळ हातानं वापर.

तुझी,
ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईंना,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न दाखवता लिहिते आहे. न दाखवणं सोपं आहे, कारण हे खाली असतातच कुठं? सकाळचा चहा झाला की लांब दांड्याचा झाडू घेऊन वर जातात आणि पॅनेलं पुसत बसतात. माझ्या सबंध संसारात यांनी टेबल कधी पुसलं नाही. कबुतर बसलं की घंटा, ढग आला की घंटा. शेजारच्या शिक्षकीणबाईंनी परवा मला विचारलं, की तुमच्याकडे शाळा काढलीय का?

तुम्ही माझ्या झोपेचं विचारलंत, बरं वाटलं. दुसरं कुणी विचारत नाही. झोप गेली ती गेलीच. दुपारी बाराला आंघोळ, एकला इस्त्री, आणि त्याच वेळी रात्रीची भाजी शिजवून ठेवायची. ती रात्री गारच खायची, कारण गरम करायला कंपनीची वीज लागते. माझ्या कुंड्यांतली उंच रोपं खाली आणली, त्यांना खाली ऊन नाही, ती माना टाकून उभी आहेत. आणि आम्ही दोघं माणसं वापरून वापरून वापरणार किती? तरी वीज उरते. मग हे तुमच्या खोलीतला पंखा लावून ठेवतात. रिकाम्या खोलीत पंखा! मी विचारलं तर म्हणतात, कंपनीला कवडीमोल द्यायची त्यापेक्षा भिंतींना वारा लागलेला काय वाईट?

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात यांनी तुमच्या खोलीची सावली मोजली. दर अर्ध्या तासाला टेप लावून. मग जिथवर ती पोचते तिथं लाल रंगाची रेघ ओढली आणि खाली तारीख घातली. काल एक गवंडी आला होता, दोघं तुमच्या खोलीच्या भिंतीवर टकटक करत होते. मी चहा द्यायला गेले तशी दोघं गप्प.

मी यांना पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, की ती दोन पॅनेलं सरळ ताईंच्या खोलीच्या छपरावर ठेवा, तिथं कुणाचीच सावली नाही. हे मला दिसलं, शिक्षकीणबाईंना त्यांच्या खिडकीतून दिसलं. तर म्हणाले, छप्पर ताईचं आहे, खोली बाबांनी तिच्या नावे करून दिली आहे, त्या छपरावरचं ऊन तिचं, ते मी फुकट कसं वापरू? तुम्हाला माहीतच आहे, नोकरीत असताना दुकानदाराच्या दारात पाऊस आला तरी हे वळचणीला उभे राहायचे नाहीत. आता तो गुण घरातल्यांवर उलटलाय.

ताई, इन्चार्ज बाईंबरोबर घर घेणार हे खरं आहे का हो? मी तर तुमच्या गाद्यांना ऊन दाखवायचं म्हणत होते. आता ऊन यांच्या परवानगीशिवाय मिळत नाही ते सोडा. यांचं काही पत्र आलं तर चिडून हो म्हणून बसू नका, एवढंच सांगायला लिहिलं. तुम्ही दोघं भावंडं सारखीच. एक मागत नाही, दुसरं सांगत नाही, आणि मध्ये माझी फरफट.

आशीर्वाद असू द्या, आणि जमलं तर त्यात थोडी झोपही घाला.

तुमची,
वहिनी

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

भावाचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चेष्टा केलीस ती लागली नाही. मोठ्या बहिणीला तेवढा अधिकार आहे. आता कामाचं लिहितो.

तू निवृत्तीनंतर तिकडेच घर घेणार असं कळवलंस. चांगलं आहे. बरोबरीची माणसं असलेली बरी. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मग इथली खोली रिकामीच राहणार. सावली मी स्वतः मोजली आहे, तीन वेगवेगळ्या दिवशी. गच्चीवर रेघ मारून तारीख घातली आहे, म्हणजे पुढे वाद नको. त्या सावलीपायी जो तोटा होतो तो वर्षाच्या हिशेबात धरला, तर सोलरचा खर्च फिटायला दोन वर्षं जास्त लागतात. रिकाम्या खोलीसाठी एवढा तोटा सोसावा का, हे तूच सांग.

म्हणून असं सुचवतो, की खोली मी तुझ्याकडून रीतसर विकत घ्यावी आणि मग उतरवावी. गवंड्याकडून किंमत काढून घेतली आहे. त्यानं सांगितली ती मला कमी वाटली, म्हणून मी वर वाढवून धरली आहे. तुझा एक पैसा बुडवायचा नाही. फुकटची वस्तू मी कधी कुणाची घेतली नाही, तुझी तर मुळीच घेणार नाही. गवंडी एप्रिलच्या मध्यापर्यंत दुसऱ्या कामात अडकलाय, तेव्हा घाई नाही. तुझी संमती आली की पुढचं बघतो.

तू येणार असतीस तर गोष्ट वेगळी होती, हे वेगळं सांगायला नको.

कमी-जास्त लिहिलं असेल तर पारड्यात धरू नकोस. लोभ होता तेवढा राहू दे, ही वि.

तुझा,
भाऊ

१९ फेब्रुवारी

चि. भाऊस,

आ.

पत्र मिळालं. खोली पाड. पैसे नकोत. ती बांधली तेव्हा मी पगारातून पैसे पाठवत होते आणि तू उन्हात उभा राहून विटांवर पाणी मारत होतास. त्या पाण्याची किंमत मी तुला दिली नव्हती, तेव्हा तूही मला देऊ नकोस. फिटंफाट.

कपाटात माझ्या दोन जुन्या साड्या आणि पुस्तकं आहेत, ती वहिनीला दे. पलंग कुणाला लागत असेल तर बघ. तुझ्या हिशेबात चूक काढणारी मी कोण? मला फक्त नाडी मोजता येते.

संमतीपत्र वेगळं लागत असेल तर कळव, सही करून पाठवते. लोभ किती उरला ते तूच मोजून घे.

ताई

१९ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,

अ. उ. आ.

भाऊला आत्ताच एक पत्र टाकलं आणि परत खुर्चीत येऊन बसले. तू सांगितलं होतंस तेच नेमकं केलं. हो म्हणून बसले.

खरं सांगू का? इन्चार्ज बाई महिन्याभरात लेकाकडे कायमच्या चालल्या आहेत. घर घेण्याचं एकदा चहा पिताना बोलणं झालं होतं, तेवढंच. मी ते भाऊला उगाच ऐटीत लिहिलं. त्यानं विचारलं, पुढे काय ठरवलंस. सहज विचारतो, असंही लिहिलं. अगं, परक्याला विचारतात असं! ताई, केव्हा येतेस, असं त्यानं एका ओळीत लिहिलं असतं तर मी त्या दिवशी पेट्या भरायला घेतल्या असत्या. त्यानं विचारलं नाही, मग मी तरी कशाला दाखवू, की मी वाट बघत होते?

मे संपायच्या आत क्वार्टर सोडायचं आहे. कुठं जाणार हे खरोखर माहीत नाही. एजंटानं दोन खोल्या दाखवल्या. एकीत खिडकी नाही, दुसरीच्या मालकिणीनं विचारलं की तुम्हाला काही आजार नाही ना, रात्री-बेरात्री आमच्यावर यायचं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या रात्री-बेरात्री काढल्या गं. आणि आता मलाच हे विचारतात.

इथं सगळ्यावर इस्पितळाचे नंबर आहेत. पलंगावर, टेबलावर, खुर्चीच्या पाठीवर, अगदी बादलीवर पांढऱ्या रंगात नंबर. मी झोपते त्या गादीवरही आहे. नंबर नसलेली, नुसती माझी अशी एकच जागा होती ती गच्चीवर. कामाचा फार कंटाळा आला की मनात म्हणायचे, जाऊ दे, आपली खोली आहे. वर्षातून चार दिवस राहिले असेन तिथं, पण वर्षभर तिच्या जोरावर राहिले.

रडले आज. साठीला आलेल्या मेट्रनबाई औषधाच्या खोलीत दार लावून रडल्या. बाकी कुणाला दिसलं नाही.

हे भाऊला सांगू नकोस, माझी शपथ आहे. त्याला फुकटचं नको असतं, मला दयेचं नको आहे. तू दुपारी कडी लावून झोपत जा. घंटा वाजू दे.

माया आहे ती माझ्याकडे ठेवायला जागा नाही, म्हणून सगळी तुझ्याकडे पाठवते.

तुझी,
ताई

४ मार्च

मु. पो. गच्ची, श्री. घरमालक यांस,

सा. न. वि. वि.

मी ताईंकडे सुखरूप पोचले. जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, ती तुम्ही संध्याकाळी खाली उतरल्यावरच वाचली असणार. बॅग भरून, रिक्षा बोलावून, दार ओढून घेऊन मी निघाले, तरी वरून तुम्ही घंटा वाजवतच होता. इस्त्रीची वेळ झाली होती.

ताईंना सामान बांधायला मदत करायला आलेय, असं लोकांना सांगा. खरं कारण असं, की मला झोपायचं आहे. इथं आल्यापासून रोज दुपारी दोन-दोन तास झोपते आणि ताई माझ्यावर पांघरूण घालतात.

दुसरं कारण हे सोबतचं पत्र. ताईंनी मला लिहिलेलं आहे. तुम्हाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती, म्हणून मी एक अक्षर सांगत नाही, नुसतं पाठवते. शपथ मोडली असली तर पाप माझं, ते मी फेडीन. वाचा, आणि चष्मा लावून वाचा.

वाचून झालं? आता माझं ऐका. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून मी तुम्हाला कधी उलट बोलले नाही असं तुम्ही लोकांना सांगता. खरं म्हणजे रोज बोलत होते, तुम्हाला ऐकू येत नव्हतं. ताई इकडेच राहणार म्हणून तुम्ही खोली पाडायला निघालात, आणि तुम्ही येतेस का विचारत नाही म्हणून ताई इकडेच राहायला निघाल्या. शहाण्यासुरत्या दोन माणसांनी मिळून केलेला इतका वेडेपणा मी दुसरीकडे पाहिला नाही. तुमचं छपराचं सोवळं तर डोक्यावरून गेलं. बहिणीच्या छपरावर दोन पॅनेलं ठेवायला लाज वाटते, आणि बहिणीचं छप्पर पाडायला वाटत नाही?

गवंडी येऊन गेल्यावर त्या गच्चीवर खोली नसेल, तर मीही त्या घरात नसेन. ही धमकी समजा. जन्मात एकदा द्यायची होती, ती देऊन टाकली.

चहाची गाळणी सिंकच्या वरच्या खिळ्याला आहे. दूध फ्रीजमध्ये ठेवा, तो रात्रीसुद्धा चालू ठेवायचा असतो. तब्येतीला जपा आणि लोभाचं तुम्हीच बघा.

तुमची,
सौ.

२० मार्च

सौ. हीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. सोबतचंही.

मी मजेत आहे. गाळणी सापडली. घरात वापर कमी असल्यानं बरीचशी वीज कंपनीला जाते आहे, त्याला इलाज नाही. मी यंत्रात माझे दोन सदरे वाळवले, ते एखाद्या शाळकरी पोराला होतील एवढे झाले आहेत. त्यावर बटण कोणतं दाबायचं ते सविस्तर कळव.

ताईला ते पत्र मी वाचलं हे सांगितलंस का? सांगितलं नसशील तर इतक्यात सांगू नकोस. मला विचार करू दे. मी एकदम काही बोलणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. शेजारच्या बाईंनी विचारलं, की शाळेला सुट्टी लागली का. मी हो म्हटलं.

घंटा आता वाजवत नाही, ऐकायला कुणी नाही. बाकी सर्व क्षेम. तिकडचं कळवत राहा, छोटं का होईना.

तुझा

१६ एप्रिल

ती. ताईस आणि सौ. हीस,

दोघींना मिळून हे एकच पत्र लिहितो. ताईला कृ. सा. न., हिला आशीर्वाद, आणि वि. वि. अशी की दोघींनी एकत्र बसून वाचावं.

काल वीज कंपनीचं बिल आलं. शून्य! मीटरभाडं सोडलं तर नुसतं शून्य, आणि वर कंपनीच माझं देणं लागते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते हातात आलं. मी बिल घेऊन दारातून वळलो, अगं बघितलंस का म्हणून हाक मारली, आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तिथं कुणी नव्हतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी हाक गेली. मग ध्यानात आलं, की बिल शून्य सोलरनं आलेलं नाही. घरात माणसंच नाहीत म्हणून आलंय. पॅनेलं न बसवता तुम्ही दोघी रुसला असतात, तरी जवळपास एवढंच आलं असतं, आणि माझा सगळा खर्च वाचला असता.

आज गवंडी यायचा होता. आधीच ठरलेलं, आणि त्याला नको म्हणून कळवायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो. त्याला दाखवायला म्हणून वर गेलो. तीन वाजले, साडेतीन वाजले, मी माझ्या लाल रेघेपाशी उभा. सावली येईना! चांगली हातभर मागे थांबलेली, पॅनेलांना शिवतसुद्धा नाही. आधी वाटलं टेप चुकला. मग डोक्यात उजेड पडला. मी मोजलं होतं ऐन थंडीत, सूर्य खाली असताना. आता तो वर चढला, सावली आखडली. शाळेतल्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण आमच्या खात्याची रीत अशी, की वजन एकदा तपासायचं आणि वर्षभराचा शिक्का मारायचा. लोखंडाचं वजन वर्षभर तेवढंच राहतं. मी सावलीलाही तसाच शिक्का मारला आणि त्या जोरावर बहिणीची खोली पाडायला निघालो. गवंडी आल्यावर त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. तो म्हणाला, की साहेब, काम नव्हतं तर बोलावलं कशाला.

मग तुझ्या खोलीत जाऊन बसलो, ताई. बाहेर आग लागलेली आणि आत गार. माझे डोळे भरून आले, हे लिहायला लाज वाटत नाही, कारण समोर कुणी नाही. तुझं पत्र मी महिन्याभरापूर्वीच वाचलंय. हिनं पाठवलं, तिला रागावू नकोस. आमच्या खात्यात काटा दाखवील ते खरं मानायचं असतं. तू ऐटीत लिहिलंस ते मी तसंच खरं मानलं. मला वाटलं, तुला इथं आमच्यात कंटाळा येईल, तुला तुझी माणसं आहेत. येतेस का विचारावं आणि तू नाही म्हणावंस, याची भीती वाटली. म्हणून सहज विचारतो, असं लिहिलं. सहज नव्हतं ते.

थंडीत ती सावली परत येईल. तेव्हा ती दोन पॅनेलं तुझ्या छपरावर ठेवू का? भाडं देणार नाही. मोबदला देणार नाही, वर्षाचा हिशेब देणार नाही, कागद करणार नाही. फुकट दे. असं मी आजवर कुणाकडे मागितलेलं नाही, त्यामुळे नीट कसं मागतात हे मला माहीत नाही. जमेल तसं मागितलंय.

दोऱ्या परत बांधल्या आहेत. यंत्र विकायला काढलंय, पण माझे ते सदरे बघितल्यावर कुणी घेत नाही. हिची रोपं पुन्हा वर नेली, त्यांतली दोन गेली, बाकीची धरतील असं वाटतं.

एक तारखेला मी टेंपो घेऊन येतो. ताईच्या सामानाला आणि तुम्हा दोघींना. रात्री दिवे लावा, गप्पा मारा, भाजी हवी तेव्हा गरम करा, दुपारी दोघी खुशाल झोपा. या घराचं बिल पुन्हा शून्य येऊ नये, एवढंच आता मागतो.

तुम्हा दोघींचा,
भाऊ